पाठीवरचा ठिपका

"रंगारीदादा, पाठीला काय लावून आलात आज?" असं म्हणत पॉलिशवालीने त्याच्या शर्टावरून, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मधून, नखाने काहीतरी खरवडून काढलं, बोटांत चुरगाळून त्याची गोळी केली आणि टेबलाखालच्या डब्यात टाकली. तो त्या वेळी एका समोरच्या दाताच्या कडेला राखाडी झाक देत होता. अशा वेळी तो श्वासही बेतानेच घेतो, त्यामुळे त्याने मान वळवली नाही, नुसतं हं केलं. कड पुरी झाली, कुंचला पाण्यात बुडवून झाला, आणि मग ते वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं. "काय होतं?" त्याने विचारलं. "काही नाही हो, गोल ठिपका होता कागदाचा, एवढासा. दुकानात मालाला चिकटवतात ना, तसला." "रंग कुठला?" पॉलिशवाली हसली. "रंगातलं मला कळत असतं तर तुमच्या खुर्चीत मी नसते का बसले? हिरवा असेल. नाहीतर पिवळा. या ट्यूबलाइटमध्ये काही धड दिसतं का?" आणि एक कवळी हातात घेऊन तिने आपलं यंत्र सुरू केलं. त्या घरघरीपुढे कुणालाच बोलता येत नाही, आणि तिच्यापुरता तो विषय संपलाही होता.

त्याला मात्र पुढचा दात जमेना. शहरातले दंतवैद्य माणसांच्या जबड्यांचे ठसे घेतात आणि ते या दोन खोल्यांच्या कारखान्यात पाठवतात. इथे त्यांचे प्लास्टरचे साचे होतात, साच्यांवर दात घडतात, भट्टीत भाजून निघतात आणि शेवटी रंगासाठी त्याच्यापुढे येतात. लोकांना वाटतं दात पांढरे असतात. पांढरा दात देवाने कुणालाच दिलेला नाही. पिवळा, करडा, निळसर, मुळाशी तांबूस, टोकाशी पाण्यासारखा, असं सगळं असतं, आणि ते शेजारच्या खऱ्या दाताला बेमालूम जुळलं तरच माणूस मोकळेपणी हसतो. असे किती जणांचे दात त्याने रंगवले, पण त्यांतला एकही चेहरा त्याने पाहिलेला नव्हता. रस्त्यात कुणी हसलं की तो आधी दात पाहायचा आणि मग माणूस, आणि तोवर माणूस पुढे गेलेला असायचा. आता मालकाने रंग ओळखणारं एक यंत्र आणलं होतं. मालक त्याला "तुझ्यासारखं नाही रे त्याचं" म्हणायचा, पण म्हणताना यंत्रावरची धूळ पुसायचा. त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. या वर्षाअखेर मी थांबतो, असं त्याने आपणहून सांगून टाकलं होतं, आणि परदेशात कुठे जाणार तेही सांगितलं होतं. तेव्हापासून कारखान्यात त्याच्याकडे थोडं आदराने आणि थोडं वेड्याकडे पाहावं तसं पाहत असत.

दात जमत नव्हता, कारण घरात तसल्या ठिपक्यांना अर्थ होता, आणि तो त्यानेच ठरवलेला होता. कागदी ठिपक्यांची पानं त्याने आणली तेव्हा बायकोला समोर बसवून नीट समजावून सांगितलं होतं. हिरवं ते तिकडे जाणार. लाल ते विकायचं. पिवळं ते कुणाला तरी देऊन टाकायचं. निळं म्हणजे अजून ठरत नाही. ती तेव्हा कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होती. "बरं," म्हणाली. "तुझं तू लाव," असं म्हणून त्याने एक पान तिच्याकडे दिलं, ते तिने मशीनच्या खणात ठेवलं आणि पुन्हा अस्तराकडे वळली. मग एकेका सुट्टीला तो घरभर ठिपके लावत फिरला. कपाटाला लाल, जेवणाच्या टेबलाला लाल, लेकीच्या खोलीतल्या पुस्तकांना पिवळा, भिंतीवरच्या घड्याळाला निळा. माणसं घर आवरतात तेव्हा वैतागतात. तो शीळ घालत होता. बऱ्याच वर्षांनी त्याला स्वतःच्या घरात काहीतरी करायला मिळालं होतं.

मग ठिपका पाठीवर आला कसा? खुर्चीला टेकून बसला असेल आणि खुर्चीचा चिकटून आला असेल, हे सगळ्यात सोपं. पण खुर्चीचा ठिपका त्याने स्वतः मागच्या पायाला लावला होता, दिसू नये म्हणून. आणि मग त्याला सकाळ आठवली. दारात तो बूट घालून उभा राहिला, पाठ तिच्याकडे होती, आणि तिने पाठीवर हात ठेवला होता. नुसता ठेवला नव्हता, हलकेच दाबला होता, दोन खांद्यांच्या मधोमध. कितीतरी दिवसांत तिचा हात असा त्याला लागला नव्हता. त्याला वाटलं, धागा असेल काहीतरी, शिवणाऱ्या बाईच्या घरात कपड्यांना धागे चिकटायचेच. पण धागा झटकतात, दाबत नाहीत. वळून पाहावं असं त्याला वाटलं आणि वळलं तर ते संपेल असंही वाटलं, म्हणून तो तसाच जिना उतरून गेला. बसमध्ये सगळा वेळ तो पाठ न टेकता बसला होता. तेवढी एक जागा ऊबदार होती आणि ती ऊब सीटच्या रेक्झिनला द्यायची त्याची इच्छा नव्हती. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि बायकोने पाठीला हात लावला म्हणून बसमध्ये ताठ बसतो. त्याचं त्यालाच हसू आलं होतं. आता पॉलिशवालीच्या नखाने ती सगळी सकाळ सोलून निघाली.

म्हणजे तिनेच लावला. इथवर शंका नव्हती. प्रश्न रंगाचा होता, आणि रंगाच्या बाबतीत तो कधी अंदाजाने चालला नव्हता. लाल नसावा, लाल पॉलिशवालीला ओळखता आला असता. शिवाय त्याला विकत तरी कोण घेणार होतं. पिवळा असेल तर देऊन टाकायचं, आणि घरातल्या पिवळ्या वस्तू त्याच्या डोळ्यांपुढे आल्या: लेकीची पुस्तकं, जुना रेडिओ, हँडल सैल झालेल्या कढया. ज्यांच्यावर राग नसतो पण ज्यांची गरजही नसते अशा सगळ्या वस्तू पिवळ्या होत्या. निळा असेल तर ती अजून ठरवते आहे, एवढ्या वर्षांनंतर. आणि हिरवा असेल तर. हिरव्याशी तो थांबला. हिरवा असेल तर ती म्हणते आहे, हा माणूस मी बरोबर घेणार. दुपारी सगळे जेवायला मागच्या खोलीत गेले तेव्हा तो टेबलाखाली वाकला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसा दाराकडे बघत त्याने डबा ओढला. डब्यात नवी पिशवी घातलेली होती. सफाईवाली येऊन गेली होती. वाकलेल्या त्याला उठताना टेबलाची कड लागली आणि कुणाच्या तरी खालच्या जबड्याचा साचा घरंगळत जाऊन फुटता फुटता वाचला.

तो देश त्याला सापडला होता फोनवर. तिथला एक माणूस रोज आपल्या गावातून फिरायचा आणि फिरताना चित्रण करायचा, बस्स एवढंच. काही बोलायचा नाही. समुद्राकडे उतरणारी एक फरशांची गल्ली, तिच्या तोंडाशी निळ्या दाराचं पावाचं दुकान, पुढे एक न्हावी, मग भिंतीवरून बाहेर वाकलेलं झाड, मग पायऱ्या. तो हे आधी झोप येत नाही म्हणून पाहायचा, मग झोपायच्या आधी पाहायचा, मग सकाळी. न्हाव्याने दुकानाचा पडदा बदलला तेव्हा त्याला लगेच कळलं होतं. त्याच वेळी आपल्या शेजारी कोण राहायला आलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या गावात सगळंच स्वस्त होतं. इथे पासष्टीपर्यंत रेटल्याशिवाय सुटका नव्हती. तिथे मात्र आजवरच्या शिलकीत आणि हे घर विकून येणाऱ्या पैशांत आत्तापासून कुणापुढे हात न पसरता जगता आलं असतं. हिशोब बरोबर होता, त्याने तो परत परत करून पाहिला होता. लेक म्हणाली होती, "बाबा, दुरून डोंगर साजरे असतात हं." तो म्हणाला होता, "डोंगर नाहीये, समुद्र आहे." ती फोनवर हसली आणि मग म्हणाली, "तुम्ही दोघं तिथे बोलणार काय एकमेकांशी?" त्यावर त्याने विषय बदलला. त्याला सांगता आलं असतं, की त्यासाठीच तर जायचंय. पण असं लेकीला कसं सांगायचं? ते जिला सांगायचं तिलाही त्याने अजून सांगितलेलं नव्हतं.

आणि तिला सांगायला ती सापडली तर पाहिजे. बायको कपडे दुरुस्त करायची. सैल झालेले, घट्ट झालेले, उसवलेले, जळलेले, लेकीचे आईला आणि थोरल्याचे धाकट्याला बसवायचे. पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं आणि मशीनसमोर एक बुटकं लाकडी स्टूल. पायजमा, पँट, झगा, काहीही असो, त्याची लांबी ठरवायला माणसाला त्या स्टुलावर उभं राहावं लागे, आणि ती खाली बसून त्याच्या घोट्याभोवती दुमड घालत फिरे. टाचण्या ओठांत धरायची तिची सवय. त्यामुळे तिला बोलता यायचं नाही, आणि बहुधा म्हणूनच माणसं बोलायची. खाली कुणीतरी पायाशी बसलंय, मान खाली आहे, काही विचारत नाही, टोचत नाही, आणि तुम्ही थोडे उंचावर. काय काय बोलायची माणसं त्या स्टुलावर. बस चालवणारी एक बाई नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायची, एक म्हातारा वकील आपल्याला ऐकू येत नाही हे घरी कळू दिलेलं नाही हे सांगायचा, एका नवऱ्या मुलाने लग्नाच्या कोटात उभं राहून मला हे लग्न करायचं नाहीये असं सांगितलं होतं. ती फक्त "हं" करायची आणि मध्येच "वळा" म्हणायची. तो स्वयंपाकघरात भाजी चिरत हे ऐकत असे. दिवसभर दातांच्या मुकाट पंक्तीत बसून यायचं आणि घरी येऊन बायको दुसऱ्यांचं ऐकते ते भिंतीआडून ऐकायचं. त्या स्टुलावर तो कधी उभा राहिलेला नव्हता. त्याचे पाय असे काटेकोर मापाचे होते की दुकानातली पँट त्याला थेट बसायची. याचा त्याला पूर्वी अभिमान होता.

ती चारचौघांत त्याला तुम्ही म्हणायची आणि घरात तू. गिऱ्हाइकं दिवसभर असायची, म्हणून दिवसभर तुम्ही. गिऱ्हाइकं गेल्यावरही तेच तोंडात बसलेलं राही, आणि अलीकडे तो विचार करू लागला की शेवटचं तू कधी ऐकलं. अशा गोष्टींची तक्रार कशी करायची? बाई आदराने बोलते याबद्दल कुणी रडतं का?

सुरुवातीला, लग्नानंतरच्या भाड्याच्या खोलीत, हे असं नव्हतं. तिथे शिवायला टेबल नव्हतं. ती मोठं कापड विकत आणायची, चादरींच्या ऑर्डरी घ्यायची, आणि शिवून झालेल्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागायची. तो दाराशी उभा राहायचा, ती खिडकीशी, मध्ये चादर ताणलेली. टोकाला टोक जुळवायचं आणि पुढे यायचं. तिच्या हातातली टोकं त्याच्या हातात द्यायची, खाली वाकून मधली घडी उचलायची, मागे जायचं, पुन्हा पुढे यायचं. प्रत्येक चादरीला हातांना हात लागायचे. बोलणं त्या जाण्यायेण्यात व्हायचं. लांब असताना मोठ्याने आणि जवळ आल्यावर हळू. एवढ्या चादरींच्या घड्या केल्या त्यांनी, पण कंटाळा आल्याचं त्याला आठवत नाही. पुढे लेक झाली, घर झालं, लांबरुंद टेबल आलं, त्या टेबलावर ती एकटीच चादरीची घडी घालू लागली, भराभर, त्याच्यापेक्षा चांगली. त्याला कुणी घालवलं नव्हतं. लागत नाही म्हणून तो बाजूला झाला. त्या गावातल्या घरात टेबल असणार नव्हतं. दलालाने दाखवलेल्या घरांतून त्याने मुद्दाम लहान घर निवडलं होतं, एक खोली आणि गल्लीवर उघडणारी गॅलरी. दलालाने विचारलं होतं, दोघांना पुरेल का? तो म्हणाला होता, दोघांनाच पुरेल. ती भाषाही तो शिकत होता, भांडी घासताना, कानात इअरफोन अडकवून. मला एक पाव द्या. समुद्र कुठे आहे. आणि धडा कुठलाही असो, शेवटी तो एक वाक्य पुन्हा पुन्हा घोकायचा, कारण ते त्याला सगळ्यात आवडायचं आणि उच्चारायला सगळ्यात अवघड होतं: आम्ही दोघे आहोत.

संध्याकाळी तो बसने गेला नाही, चालत निघाला. पावलं घराकडे पडत होती आणि मन पुढे जाऊन घरातून फिरत होतं, वस्तू वस्तूवरचा ठिपका बघत. हिरव्या कोणत्या? वाचायचा दिवा हिरवा. त्याची ती खुर्ची हिरवी, घडीची होती म्हणून. रंगांची छोटी पेटी, पायरीवर बसायची सतरंजी, भिंग, एक चमचा, एक ताटली, दोघांच्या जोडीतला एक कप. तो रस्त्याच्या कडेला थांबला. एक कप का? आठवलं. विमानात वजन किती नेता येतं ते पाहून त्याने हिरवे ठिपके बेताने लावले होते, अगदी एका माणसापुरते, कारण दुसऱ्या माणसाचं वजन तिचं होतं. तिचं ती लावणार होती. त्यात त्याला आपण फार समंजसपणा केला असं वाटलं होतं, तिच्या वस्तूंना हात न लावण्यात. शिवाय तिने अजून काही लावलेलं नव्हतं म्हणजे ती विचार करत होती. ती सावकाश काम करणारी बाई आहे, आधी उसवते आणि मग शिवते. त्याने असं स्वतःला समजावलं आणि तो चालू लागला. पण तो एक कप डोळ्यांपुढून हलेना. आणि तरी मनाच्या तळाशी हिरवा होता. हिरवा असेल. पॉलिशवालीने पहिलं नाव हिरव्याचंच घेतलं होतं. दिसतं ते माणूस आधी म्हणतो, पिवळा ती मागाहून म्हणाली.

घरी बसवाली बाई स्टुलावरून उतरत होती. "मन मोकळं झालं हो," म्हणाली, पैसे मशीनवर ठेवले, पँटची पिशवी काखेत मारली आणि त्याला बघून जरा ओशाळून जिना उतरली. खोलीत खडूचा आणि वाफेच्या इस्त्रीचा वास होता. बायको अजून खालीच बसलेली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. "आज उशीर झाला," ती म्हणाली. "चालत आलो." "का? बस नव्हती?" त्याने बूट काढले. आत गेला, कपाटाच्या तळातून एक पिशवी काढली आणि बाहेर आला. पिशवीत तिकडे घालायची म्हणून घेतलेली पातळ पांढरट पँट होती. तिकडच्या हवेत लोक तसल्या घालतात. ती आयुष्यात पहिल्यांदाच त्याला लांब झाली होती, आणि कितीतरी आठवडे तो ती लपवल्यासारखी ठेवून होता. "हिची लांबी कमी करायची होती," तो म्हणाला. तिने पँट हातात घेऊन शिवण पाहिली, कापड चिमटीत धरून पाहिलं. "घालून या. आणि वर उभे राहा."

स्टूल त्याला वाटलं त्यापेक्षा उंच होतं. वर उभं राहिल्यावर खोली वेगळीच दिसत होती: पडद्याची दांडी, कपाटावरची धूळ, आणि तिचा भांग, जिथे केस विरळ झाले होते ते त्याने पाहिलेलंच नव्हतं. तिने टाचण्या ओठांत धरल्या आणि डाव्या पायाची दुमड घालायला घेतली. तिची बोटं घोट्याला लागत होती. तो बोलला ते न ठरवता बोलला. "सकाळी माझ्या पाठीला ठिपका लावला होतास?"

"हं."

"कुठला?"

तिने मान वर न करता खडूने मशीनच्या खणाकडे दाखवलं. खण हाताशी होता. त्याने तो ओढला. आत ठिपक्यांचं पान होतं, त्याने दिलेलं, जसंच्या तसं, लालांची रांग भरलेली, निळ्यांची भरलेली, पिवळ्यांची भरलेली. हिरव्यांच्या रांगेत पहिली जागा रिकामी होती.

एवढा आनंद त्याला अलीकडे झालेला नव्हता. स्टुलावर उभा राहून तो हसला, मोठ्याने, तिला नवल वाटावं असा. "मला वाटलं पिवळा असेल," तो म्हणाला. "दिवसभर डोकं चाललं नाही. दोन दात पुन्हा रंगवावे लागले. हिरवा. म्हणजे मला नेणार तू."

तिने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटाला बांधलेल्या उशीत टोचल्या. घाई केली नाही. "मी कुठे नेणार?" ती म्हणाली. "हिरवं ते तिकडे जाणार, असं सांगितलं होतं ना? दिव्याला लावून झाला, खुर्चीला झाला, चमच्याला झाला. स्वतःला लावायचा तेवढा राहिला होता. मी लावून दिला." डबा विसरलेल्या माणसाच्या हातात डबा द्यावा तसं ती बोलत होती. "रागाने नाही लावला. गंमत म्हणून लावला. वाटलं, वळाल, काय आहे विचाराल, मग बोलू. तुम्ही गेलात जिना उतरून."

"तू येणार नाहीस?"

"मला चल म्हटलं का कुणी?"

त्याने आठवून पाहिलं. खरोखरच आठवून पाहिलं. दलालाला म्हटलं होतं दोघं, मालकाला म्हटलं होतं आम्ही, लेकीशी तुझी आई आणि मी. फोनवरच्या त्या मुक्या माणसाला मनातल्या मनात कितीदा म्हटलं असेल, की हिला घेऊन येतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा तो देशोदेशी सांगून आला होता. तिला म्हणाला होता, तुझं तू लाव.

"मी वाट पाहिली," ती म्हणाली. "आधी वाटलं मशीनला लावाल. ते जड आहे, ठीक आहे, समजलं. मग वाटलं निदान माझ्या कपाला. जोडीतले दोन कप शेजारी शेजारी, एकाला हिरवा आणि एक तसाच. रोज सकाळी त्यातच चहा पितेय मी. मग म्हटलं, याला एकट्याला जायचंय आणि सांगायला जड जातंय. सांगायला जड जातं ते मी रोज ऐकते. कुणाला ओढून काढून बोलतं करू नये, एवढं या स्टुलाने शिकवलंय." ती थांबली. दुमड सुटली होती, ती तिने बोटांनी पुन्हा बसवली. "कोपऱ्यावरचा किल्लीवाल्याचा गाळा घेतलाय मी. तीन वर्षांचा करार झाला परवा. घर विकलं गेलं की मागच्या खोलीत राहता येतं. लेकीला माहीत आहे. तुमच्या जाण्यात विघ्न नको म्हणून बोलले नाही."

बाहेर जिन्यावर कुणीतरी चढत गेलं, वरच्या मजल्यावर दार उघडलं आणि लागलं. तो वर उभा होता आणि त्याला बसावंसं वाटत होतं, पण टाचण्या लावलेल्या पायाने उतरायचं कसं हे त्याला कळेना. माणसं इथे उभी राहून का बोलतात ते त्याला तेव्हा कळलं. उतरता येत नाही म्हणून बोलतात. "मला एकट्याला जायचं नव्हतं," तो म्हणाला. "वजनाचं बघत होतो मी. तुझ्या वस्तूंना हात कसा लावू, म्हणून." हे त्याला स्वतःलाच इतकं अपुरं वाटलं की तो पुढे बोलत राहिला. "इथे तू सगळ्यांची असतेस. तिथे आपल्याला ओळखणारं कुणी नाही. भाषासुद्धा येत नाही तुला. मला वाटलं, मग माझ्याशीच बोलावं लागेल."

"भाषा शिकताना ऐकत होते मी," ती म्हणाली. "भांडी घासताना. एकच काहीतरी परत परत. मला वाटायचं पत्ता विचारायला शिकतोय."

"आम्ही दोघे आहोत," तो म्हणाला. "त्याचा अर्थ तो होता."

 त्याने खाली पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, मान वर करून, आणि तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या तरी तिला बोलता येत नव्हतं. डोळे भरले होते. मग तिने बाहीने ते पुसले, डाव्या पायाची दुमड अंगठ्याने दाबून पक्की केली. "एवढं शिकलास," ती म्हणाली, "आणि मला मराठीत सांगायचं सुचलं नाही तुला." गाळ्याचा करार झालेला होता. ते दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांपैकी कुणीच त्याचं नाव काढलं नाही.

तिने मनगटाच्या उशीतून टाचण्या काढल्या. एकेक ओठांत धरू लागली. शेवटची धरायच्या आधी म्हणाली, "बोल आता. आणि वळ."

तो वळला. आता त्याच्यासमोर भिंत होती, निळा ठिपका लावलेलं घड्याळ होतं, आणि घोट्यापाशी तिचा हात होता. गिऱ्हाईक किती वेळ बोलतं हे त्याला भिंतीआडून ठाऊक होतं. दुमड घालून होईपर्यंत बोलतं, आणि मग ती उतरा म्हणते. एक पाय झाला होता. दुसरा अजून बाकी होता, आणि त्याने चादरींपासून सुरुवात केली.